डोक्यावरच्या पाच नद्या

आमच्या घरमालकांच्या डोक्यावर पाच नद्या होत्या आणि घरात पाण्याचा कायम खडखडाट. नर्मदा, चंबळ, यमुना आणि गंगा या चार जटा त्यांनी उत्तरेत कमावल्या होत्या. पाचवी पुण्याला परत आल्यावर उजव्या कानामागे आपोआप वळली. ती आखूड होती, अशक्त होती आणि उन्हाळा आला की सुटायची. तिचं नाव मुठा.

मी शनिवार पेठेत त्यांच्याकडे खोली मागायला गेलो तेव्हा त्यांनी गाव, गोत्र काही विचारलं नाही. पगडी काढायला लावली. बाजारात कलिंगड पाहतात तसं माझं डोकं दोन्ही हातांनी फिरवून पाहिलं. माझ्या डोक्यावर शेंडीपुरतेही केस धड उरले नव्हते. ते हळहळून म्हणाले, "इथे काही होणार नाही. राहा."

मी तेव्हा सरकारच्या दफ्तरात उत्तरेकडून येणाऱ्या बातमीपत्रांच्या नकला करत असे. त्या बातम्या पाठवणारे बरेचसे जासूद बैराग्याच्या वेषात फिरत, कारण बैराग्याला कोणी चौकीवर अडवत नाही, आणि अडवलंच तर तो काय बोलतो ते कोणी ऐकून घेत नाही. घरमालक तरुणपणी असेच जासूद होते. आता उतारवयात त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं. सरकार निवडून एखादा तरुण पाठवी, तो मागच्या पडवीत राही, आणि घरमालक त्याच्या डोक्यावर जटा पिकवत. पेठेत कोणी विचारलं तर इथे दोर वळायला शिकवतात असं सांगायचं ठरलेलं होतं. ते पूर्ण खोटंही नव्हतं.

जट ही केसांकडे दुर्लक्ष केल्याने होते, असा माझा समज होता. त्या घरात आठवडाभर राहिलो आणि तो गेला. श्रीमंतांच्या पागेतल्या घोड्यांची झाली नसेल एवढी निगा तिथे त्या गुंत्याची होई. फणी वर्ज्य. तेल तर शत्रू. धुवायचं ते रिठ्याच्या पाण्याने, शिकेकाईने नव्हे, कारण शिकेकाई गुंता सोडवते. धुतल्यावर जट उन्हात पापडासारखी खडखडीत वाळवायची. ओली बांधली की आत बुरशी धरते आणि मग भिंतीत उंदीर मेल्यासारखा वास येतो, आणि सगळं घर भिंत उकरत बसतं. मुळाशी तळव्याने चोळायचं ते जातं फिरतं त्याच दिशेने. शेणीची राख जुन्या धोतरातून गाळून घ्यायची. शेवटी टोकाला वडाच्या चिकाचा एक थेंब. वनवासाला निघालेल्या राजपुत्रांनीही वडाचाच चीक वापरला होता, असा ते पोथीचा आधार देत. फक्त तो चीक वारज्याच्या ओढ्याकाठच्या वडाचाच का लागतो, याला पोथीत आधार नव्हता. आणायला मात्र मला जावं लागे.

रोज सकाळी जटा एकमेकींपासून सोडवून ठेवण्याचा एक विधी असे. "शेजारी झोपलेल्या दोन जटा सकाळी एक होतात," ते म्हणत. "भावकीच्या अगदी उलट."

दर सोमवारी न्हावी येई. ओट्यावर बसे, वस्तरा दगडावर घाशी, आणि दुसऱ्याच्या शेतातलं पीक पाहावं तसा त्या पाच नद्यांकडे पाही. मग विचारी, "आज?"

"आज नाही."

तो सुपारी खाई आणि उठून जाई. हे किती वर्षं चाललं होतं ते दोघांनाही आठवत नव्हतं.

जटांचा खरा उपद्रव लोकांचा होता. पुण्यात माणसाच्या डोक्यावर काय आहे यावरून आत काय आहे ते ठरवायची रीत जुनीच. पगडी मोठी तो शहाणा, जट मोठी तो सिद्ध. दुपारी जेवून घरमालक ओट्यावर जटा वाळवत बसले की कोणी ना कोणी पाया पडायला येई. ते पाय पोटाशी घेत. "बाई, हे केस आहेत," ते सांगत. "न विंचरलेले." एकदा एका सावकाराची बायको हरवलेल्या नथीसाठी अडूनच बसली. वैतागून ते म्हणाले, "रांजणात बघा." नथ रांजणातच सापडली. पुढे महिनाभर आम्हाला पुढच्या दाराने घरात शिरता आलं नाही. घरमालक सगळ्यांना एकच उत्तर देत, रांजणात बघा. कोणाची नथ, कोणाचा रुसलेला जावई, कोणाची हरवलेली म्हैस. पेठेत रांजण इतके स्वच्छ त्यापूर्वी कधी नव्हते.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, या सगळ्याकडे पाठ करून बसत आणि रोज सकाळी त्यांच्यासमोर स्वतःचे केस लाकडी फणीने अगदी सावकाश विंचरत. त्यांचा राग जुना होता. नवरा उत्तरेत गेला तेव्हा त्याची हजामत व्यवस्थित होती. बऱ्याच वर्षांनी दारात एक जटाधारी उभा राहिला. काकूंनी मूठभर पीठ आणून त्याच्या झोळीत घातलं. त्याने रीतसर आशीर्वाद दिला आणि मग विचारलं, "आत येऊ का?"

"पीठ परत द्यायचं सोडून आशीर्वाद देत बसले," काकू मला सांगत. त्यांना जास्त कशाचं वाईट वाटलं होतं ते मला कधी नीट कळलं नाही.

शिष्याची परीक्षा एकच असे. घरमालक त्याची जट मुठीला गुंडाळत आणि पाय भिंतीला लावून ओढत. बैरागीही नव्या माणसाला तसंच ओढून पाहतात. खोटी निघाली तर जवळपासच्या मुक्कामात मार बसतो, आणि लांबच्या मुलुखात माणूस शत्रूच्या हवाली होतो. पुढचं दफ्तरात कळत नाही, बातमीपत्रं यायची थांबतात एवढंच. त्यामुळे "हातात आली ती जट नव्हे, फास," हे वाक्य त्या घरात श्लोकासारखं रोज म्हटलं जाई.

पण नुसत्या जटेने भागत नाही, हेही ते जाणून होते. माझ्या आधी आमच्याच पेठेतला एक तरुण त्यांच्याकडे तयार झाला होता. त्याच्या जटा काय, राख काय, सगळं अव्वल. खानदेशातल्या पहिल्याच गावात एका म्हातारीने त्याला भक्तिभावाने खिचडी वाढली. यानं घास घेतला आणि म्हणाला, "मीठ बेताचंच आहे, पण असो." म्हातारीने लगेच विचारलं, "पुण्याचे का हो महाराज?" तो तिथूनच परत आला. तेव्हापासून घरमालक म्हणत, "जट डोक्यावर नंतर चढते. आधी जिभेवरून पुणं उतरावं लागतं."

त्यांच्या स्वतःच्या जिभेवरून ते एवढ्या उत्तरेतही उतरलं नव्हतं. ते कसे वाचले, हे मी एकदा विचारलं. "मी मौन घेतलं होतं," ते म्हणाले. "जिभेचा बंदोबस्त आधीच केला होता."

या खात्यावर एक दिवाणजी होते. गुप्त कामाची गुप्त पाहणी करायला ते पालखीतून येत. पुढे चोपदार ललकारी देई, मागे अब्दागिरी धरलेला माणूस धावे, आणि आमचा बोळ इतका अरुंद की पालखी अर्ध्यावर अडकून गर्दी जमे. मग दिवाणजी आत येऊन दार लावून घेत आणि कुजबुजत. घरमालक एकदा त्यांना म्हणाले, "पुढच्या खेपेला नगाराही आणावा. पलीकडच्या पेठेत नीट कळत नाही."

दिवाणजींना जटा पंधरा दिवसांत हव्या असत. घरमालक त्यांना अंगणात नेऊन केळ दाखवत आणि हिला उद्या आंबे येतील का विचारत.

त्या वर्षी शिमगा झाल्यावर दिवाणजींनी धायरीचा एक तरुण पाठवला. शेतकऱ्याचा मुलगा, विशीतला, गप्प, पाठ ताठ, केस घोड्याच्या आयाळीसारखे दाट. घरमालकांनी त्याचं डोकं पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत काही तरी हललं. मुलाचं नाव त्यांनी विचारलंच नाही, पहिल्या दिवसापासून धायरीकर. बोलण्यात त्याचं 'हाय' जाईना, पण बोलणंच इतकं कमी की ते खपून जाईल असं घरमालकांना वाटलं. घरी आई एकटी होती. पोरगा पुण्यात दोर वळायला शिकतो असं तिला सांगितलेलं.

उन्हाळा, पावसाळा गेला. धायरीकराच्या डोक्यावर चार जटा अशा उतरल्या की घरमालक त्यांना मुठीत घेऊन ओढत तेव्हा धायरीकर जागचा हलत नसे, भिंतीचा गिलावा मात्र पडे. दसऱ्याला ते मला म्हणाले, "कारकून, असं डोकं पुन्हा मिळायचं नाही." माझ्याकडे पाहून त्यांनी हे का म्हणावं, ते मी सोडून दिलं.

नदीपलीकडे उत्तरेकडे निघालेल्या बैराग्यांची एक जमात उतरली होती. दिवाळी झाली की ती हलणार, आणि धायरीकराने तिच्यातूनच जायचं असं ठरलं. जाण्याआधी त्याला दिवाळीसाठी घरी सोडलं. निघताना घरमालकांनी दोनदा बजावलं, डोक्याला तेल लावायचं नाही. त्यानं दोनदा मान हलवली.

पाडव्याला दुपारी तो परतला. डोक्याला मुंडासं. मागून त्याची आई, डोक्यावर करंज्यांची पाटी. दारातूनच उटण्याचा वास आत आला आणि घरमालक उभे राहिले.

धायरीकराने खाली मान घालून मुंडासं काढलं. केस मानेवरून पाठीवर ओघळले, काळेभोर, चकचकीत, सुटे. जात्यातून पडणारं पीठ जसं एकसारखं पडतं तसे.

आई मोठ्या समाधानाने म्हणाली, "लई गुंता झाला हुता बुवा. दोन दिस लागलं सोडवाया. माझ्या पोराच्या डोक्याकडं कुनी बगितलंच न्हाई जनू हितं."

घरमालक खाली बसले. तिला वाटलं, शरमले. म्हणून ती जरा मऊ झाली. "आता नरकचौदसीला तेल न्हाई लावलं तर पोरगं नरकात जातंय. त्ये बी म्हनत हुतं, नगं. म्या म्हनलं, गप बस. तीन डाव चोळलं, शिकेकाई लावली, मग सुटलं बगा."

बरीच वर्षं शत्रूच्या मुलुखात वावरलेल्या या माणसाने सगळ्यांचा विचार केला होता. चौकीदारांचा, महंतांचा, परमुलुखातल्या सरदारांचा. नरकचतुर्दशीला आई काय करते, एवढं त्याच्या हिशेबातून राहिलं होतं.

काकूंनी त्या बाईला चुलीपाशी नेऊन खरं काय ते सांगितलं. मग ती बाहेर आली, पोराच्या शेजारी बसली आणि त्याचे केस दोन्ही मुठींत धरून ठेवले, जणू ते पुन्हा वळतील.

जमात परवा पहाटे निघणार होती. दिवाणजी संध्याकाळी आले, चोपदारासकट. त्यांनी उपायही आणला होता, एका बहुरूप्याच्या लोकरीच्या जटा. घरमालकांनी त्या धायरीकराच्या डोक्याला बांधून पाहिल्या, एका बोटाने ओढल्या आणि निघालेला पुंजका दिवाणजींच्या मांडीवर ठेवला.

"या आपण बांधा," ते म्हणाले, "आणि आपणच जा. चोपदार सोबत असू द्यावा."

दिवाणजींनी श्रीमंतांचं नाव घेतलं, मोहिमेचं नाव घेतलं, जासूद गेलाच पाहिजे म्हणाले आणि पालखीत बसले. पालखी नेहमीच्या जागी अडकली. ती निघेपर्यंत ललकारी चालूच होती, त्यामुळे घरात कोणाला काही बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरमालकांनी न्हाव्याला बोलावणं धाडलं. सोमवार नव्हता. तो येऊन ओट्यावर बसला, वस्तरा दगडावर घासला आणि सवयीने म्हणाला, "आज?"

"आज."

वस्तरा खाली पडला. तो उचलून न्हाव्याने पुन्हा विचारलं, आणि पुन्हा तेच उत्तर आल्यावर तो सवयीने उठायला लागला, तेव्हा घरमालकांनीच त्याला सुपारी देऊन बसवलं. मग नर्मदा उतरली. मग यमुना, गंगा, चंबळ. घरमालक एकेक हातात घेत, झटकत आणि उन्हात ओळीने ठेवत. न्हाव्याचा वस्तरा उजव्या कानामागे वळला तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला.

"मुठा राहू दे. ती नर्मदेपलीकडे टिकायची नाही. पाणी बघूनच घाबरेल."

जागा चुकीची असली तरी मुठेची शेंडी झाली. घरमालक तसे उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. काकूंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आत वळल्या आणि मूठभर पीठ घेऊन बाहेर आल्या.

त्या दिवशी त्या घरात मी दोघांना पहिल्यांदा एकत्र हसताना पाहिलं. धायरीकराच्या आईला वाटलं, या घरात सगळेच फिरलेत. ती फारशी चुकत नव्हती.

मी वारज्याला जाऊन द्रोणभर चीक आणला. धायरीकराचं डोकं राख आणि रिठ्याने इतकं धुतलं की तेल जाऊन कातडीही जाते की काय वाटलं. मग त्याच्या केसांच्या चार वाटण्या केल्या, त्याच्या आईने टोकं ताणून धरली, आणि घरमालक गोधडीच्या सुईने एकेक बट जुन्या जटेच्या आत ओढून घेऊ लागले. ओढायची, चोळायची, पुन्हा ओढायची. नर्मदा बसली. यमुना बसली. गंगा बसवताना ते पुन्हा पुन्हा डोळे पुसू लागले.

"चीक डोळ्यांत गेला," ते म्हणाले. द्रोण माझ्या हातात होता आणि त्याला अजून कोणाचं बोटही लागलं नव्हतं.

गंगा कशीबशी झाली. चंबळ हातात घेऊन ते नुसतेच बसले. काकूंनी सुई त्यांच्या हातातून काढून घेतली. "सरका," म्हणाल्या, आणि एवढी वर्षं ज्या जटांकडे त्यांनी पाठ केली होती त्यातली एक मांडीवर घेऊन जोडायला बसल्या. जोडताना पुटपुटत होत्या. मंत्र नव्हता तो.

मग परीक्षा. घरमालकांनी भिंतीला पाय लावून नर्मदा ओढली, यमुना ओढली, गंगा ओढली. धायरीकराच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण काही निघालं नाही. त्यांचा हात चंबळेपर्यंत गेला. त्यांनी काकूंकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. संसारात राहून तेही थोडंफार शिकले होते.

पहाटे तो गेला. महंताने ओढून पाहिली ती सुदैवाने गंगा होती, असं नदीवरून पाहून आलेल्या न्हाव्याने सांगितलं.

त्यानंतरचं वर्ष आमच्या घरात विचित्र गेलं. पाया पडायला कोणी येईना, कारण सिद्धपुरुष दिसत नव्हता, नुसता एक तिरसट म्हातारा ओट्यावर बसलेला दिसे. न्हावी सोमवारी येई आणि आता खरोखर हजामत करावी लागते म्हणून कुरकुर करी. धायरीहून ती बाई पंधरवड्याला येई, मला दफ्तरात काही आलं का विचारी, आणि मी नाही म्हटलं की काकूंजवळ बसून शेंगा फोडी. उत्तरेची बातमीपत्रं येत होती, पण त्यातली कोणती त्याची ते कळायला मार्ग नव्हता. घरमालक काही विचारत नसत. फक्त सकाळी सवयीने जटा सोडवायला हात डोक्याकडे जाई, तिथे मुठेशिवाय काही सापडत नसे, आणि मग ते बराच वेळ तिलाच सोडवत बसत. पावसाळ्यानंतर तर पत्रंच थांबली. त्या दिवसांत 'हातात आली ती जट नव्हे, फास' हा श्लोक घरात कोणी म्हटला नाही.

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर दारात एक बैरागी उभा राहिला. काकू पीठ घेऊन बाहेर आल्या आणि त्यांच्या हातातलं पीठ उंबऱ्यावर सांडलं. त्याची आई शेंगा टाकून धावली. घरमालकांनी सगळ्यांना बाजूला केलं आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून मोजलं.

"चंबळ कुठे आहे?"

धायरीकर आयुष्यात पहिल्यांदा सलग बोलला. शत्रूच्या एका छावणीजवळ पेंगताना कोणी तरी नाव विचारलं आणि तोंडून काही तरी मराठी निघून गेलं. एका घोडेस्वाराने ते ऐकलं. त्याने जट मुठीला गुंडाळली आणि याला घोड्यामागे ओढत छावणीकडे घेऊन निघाला. "तितं न्हेलं असतं तर मुंडकंच गेलं असतं," तो म्हणाला. "तर वाटंत जट सुटली. त्याच्या हातात. त्यो जट बगतोय, म्या बी बगतोय. त्याला वाटलं, साधूची जट तोडली, आता शाप बसतोय. घोड्यावरनं उतरून पायच धरलं. म्या काय बोललो न्हाई. हात वर केला आन् चालाया लागलो. वळणापल्याड मात्र पळालो."

त्याची आई रडत होती आणि हसत होती. घरमालकांचा चेहरा उतरला होता.

"सुटली?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"सांध्यातून?"

"व्हय."

फराळासाठी आत गेलेल्या काकूंच्या खलबत्त्याचा आवाज थांबला. सांधा कोणाचा ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. घरमालकांनी रोज श्लोकासारखा म्हटलेला नियम खोटा ठरवून धायरीकर त्यांच्यासमोर मांडी घालून करंजी खात होता, जिवंत.

"चंबळ पहिल्यापासून दगाबाज," ते शेवटी म्हणाले. "मी मुद्दामच ती—"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. घरमालकांनी वाक्य सोडून दिलं. मुठा दोनदा कुरवाळली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "यापुढे येईल त्या प्रत्येक डोक्यावर एक जट तू जोडायचीस."

"आणि ओढून कोण बघणार?" काकूंनी विचारलं.

"कोणी नाही."